सासूबाई झोपल्या

३ मार्च
पोचले एकदाची! लेक छावणीच्या फाटकाशीच उभी होती. अंगात ड्रायव्हरचा निळा डगला, बापासारखेच दोन्ही हात कमरेवर. माझ्या पिशव्या बघून म्हणाली, आई, तू नोकरीला आलीस की नांदायला? दोघींची मिळून एक खोली आहे, लहानशी, पण खिडकी पूर्वेला. माझं काम वायरलेसच्या खोलीत. खाणीकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांचे निरोप ऐकायचे आणि वहीत वेळ टिपायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारमारून वळण लावलेलं अक्षर या वयात पुन्हा कामी आलं. किती वर्षांनी कुणीतरी माझी वाट बघत उभं होतं.

५ मार्च
छावणी आणि खाण यांच्यामध्ये अकरा किलोमीटर वाळू आहे, इतकी सपाट की सगळे तिला ताट म्हणतात. आज गॅरेजच्या मिस्त्रींनी मला लेकीच्या ट्रकमध्ये बसवून एक बटण दाखवलं. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे, असं झालं की आतली यंत्रणा ते ओळखते. एखाद्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते, समोर पिवळा दिवा लुकलुकतो. डांबरी रस्त्यावर ती जीव वाचवते. वाळूत मात्र जोर गेला की गाडी रुतलीच. म्हणून ताटाच्या काठावर बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबून नुसता जळत राहिला की यंत्रणा बंद.

सारखी टोकते म्हणून ड्रायव्हर तिला सासूबाई म्हणतात. बंद केली की वायरलेसवर कळवतात, सासूबाई झोपल्या. पलीकडे पोचले की, उठल्या. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या सासूबाई दुपारीसुद्धा एक डोळा उघडा ठेवून झोपायच्या, असं मी सांगितल्यावर मिस्त्रीही हसले.

९ मार्च
ड्रायव्हरांत सगळ्यात वयस्कर ते मामा. रोज सकाळी खिडकीतून पेपरमिंटची गोळी देतात आणि म्हणतात, ताई, तुम्ही निरोप असा घेता की मला शाळेत हजेरी दिल्यासारखं वाटतं. आज दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी कळवलं, सासूबाई झोपल्या. मी लिहिलं. उठल्या, हे काही आलं नाही. दुपारी शोधायला गेलेले सांगत होते, चाकांच्या खुणा ताटाच्या मध्यापर्यंत सरळ आहेत. पुढे नाहीत. लिहिता लिहिता कुणी पेन्सिल उचलावी तशा.

११ मार्च
सकाळी मामांचा आवाज आला! अगदी स्वच्छ. म्हणाले, ताई, सरळच चाललोय, दहा मिनिटांत पोचतो. मी धावत जाऊन मिस्त्रींना घेऊन आले. त्यांनी माझ्याकडे न बघता आवाजाचं बटण खाली केलं. म्हणाले, ताटावर असे गेलेले हे तिसरे. उत्तर देऊ नका, बाई.

लेकीला म्हटलं, चल, निघू इथून. ती म्हणाली, बाहेर नेणारी गाडी महिनाअखेरीस येते, तोवर कुठे जाशील, चालत?

१४ मार्च
मामा अजून पोचतायत. तीन दिवस झाले. आवाजात ना थकवा ना तहान.

मिस्त्रींना वाटतं, मामांचं इंजिन मध्येच बंद पडलं असेल. पुन्हा चालू केलं की यंत्रणा आपोआप जागी होते. पुन्हा बटण दाबायला ते विसरले असतील. पण त्यांनी ती झोपवली होती, माझ्याच अक्षरात लिहिलंय. स्टिअरिंग सरळ असताना गाडी भलतीकडे जाते, हे त्या दिव्याशिवाय कुणाला कळतं? आणि हे ड्रायव्हर त्यालाच गप्प करतात! कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, घंटा वाजली की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

लेकीला गळ्याची शपथ घातली, बटण दाबू नकोस. ती पुष्कळ भांडली, रुतेन म्हणाली. मग माझा चेहरा बघून, बरं म्हणाली.

१६ मार्च
तिने बटण दाबलं नाही.

मध्यावर पोचल्यावर वायरलेसवर सांगू लागली, आई, स्टिअरिंग सरळ धरलंय तरी दिवा लुकलुकतोय. मग, जोर गेला. मग, थांबले.

मिस्त्री दारात उभे होते. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, ताटावर थांबायचं नसतं, बाई. बटण कशासाठी दाबतात मग? नुसतं रुतण्याच्या भीतीने? — मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कुणीच नाही.

खुणा मध्यापर्यंत आहेत.

१७ मार्च
आई, सरळच चाललेय. दहा मिनिटांत पोचते.

मी उत्तर दिलं. कसं देणार नाही? जेवलीस का, विचारलं. ती म्हणाली, दहा मिनिटांत. रडतेस का, विचारलं. दहा मिनिटांत —

झोपवली तरी जातात. जागी ठेवली तरी जातात. मग मी तिला शपथ का —

१८ मार्च, सकाळ
मिस्त्री किल्ली देईनात. ते न्याहारीला गेले तेव्हा लहान ट्रकची किल्ली खिळ्यावरून काढली. एके काळी जीप चालवायचे, तेवढं पुरलं. पाणी, पाव, तिचा स्वेटर, ही वही. काठावर बटण दाबून धरलं. कळवायला वायरलेसवर कुणी नव्हतं. खुर्ची माझीच.

दुपार
गाडी आपोआप थांबली. तिचा ट्रक दिसतोय! अगदी समोर. काचेमागे तीच आहे. चाळीस पावलं असतील. पायी जाते.

चाळीस झाली.

दोनशे. ट्रक तेवढाच लांब. मागे वळून पाहिलं, माझी गाडी नाही. पावलंही उमटलेली नाहीत.

किती ते आता मोजत नाही. ऊन हलत नाही. तिने मला पाहिलंय. काचेवर दोन्ही तळहात ठेवलेत. तोंड हलतंय, ऐकू येत नाही — ये म्हणतेय, की येऊ नको —

चिमणे, आले गं, ही बघ आले, फक्त