पाणथळ खाचर आणि साळूबाईंचे नाव

मी, मालोजी धोंडू उतेकर, वय ७१, महाडच्या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला बॉयलर ऑपरेटर, राहणार वरची वाडी, ता. पोलादपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपणहून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मूलबाळ नाही. पत्नी प्रयागबाई यंदाच्या आषाढात वारली.

१. राहते घर पुतण्या राजेश याला. तो मुंबईहून गणपतीपुरता येतो. तेवढे तरी दार उघडावे. प्रयागबाईची लुगडी मी दोरीवरूनही काढलेली नाहीत. ती राजेशची बायको, सूनबाई समीक्षा हिने न्यावीत.

२. पान्यांची पेटी शेजारी किशोर याला. मोठा पाना तीन वर्षे त्याच्याकडेच आहे, आता बाकीचेही न्यावेत.

३. खालचे पाणथळ खाचर, अकरा गुंठे, साळूबाई कळंबे यांना. कारण लिहिणे भाग आहे.

भात कापल्यावर आमच्याकडे गुरे मोकळी सोडतात, ती कोणाच्याही शेतात चरतात. २०१७ साली भाजीसाठी मी या खाचरात पाणी अडवले. पौषात वाडीच्या सात म्हशी मेल्या, जबड्याखाली सूज येऊन. साळूबाई एकट्या राहतात. येता-जाता कोणाच्याही म्हशीच्या पाठीवर हात फिरवायच्या. "तिचीच नजर हाय," असे ठरले.

सातवी म्हैस माझी. पशुवैद्य डॉ. तांबे यांनी ती फाडली. काळजात, म्हणजे यकृतात, पानासारखे चपटे कृमी. ते म्हणाले, "काका, ही करणी नाही. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींतून हे गवतावर येतात. तुम्ही शिकलेले, वाडीला तुम्हीच समजावा."

मी समजावले नाही. पाणी माझे होते. गुपचूप बांध फोडला. डॉक्टरांचे जंतांचे औषध 'ताकदीचे' म्हणून सगळ्या गुरांना पाजले. गुरे मरायची थांबली. वाडी म्हणाली, साळूबाईला वाळीत टाकली म्हणून थांबली. आठ वर्षे त्यांना ना लग्नाचे बोलावणे, ना बारशाचे. प्रयागबाई तेवढी जायची. मला म्हणायची, "सांगा ना वो एकदा. वाडी काय गिळनार हाय तुमाला?" शेवटच्या आजारात तिने म्हणायचेही सोडले.

४. साळूबाईंनी खाचर नाकारले तर कोणीही आग्रह करू नये.

५. साळूबाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आहेत. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, हे मला सोयीचे वाटत होते. म्हणून कलम ३ येत्या रविवारी सकाळी देवळात, साळूबाईंना मानाने बोलावून, मी स्वतः मोठ्याने वाचीन. आवाज फुटला नाही तर डॉक्टरांनी वाचावे. मी उठून जाणार नाही.

वरील मजकूर मी वाचून, खालील दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष सही केली.

मालोजी धोंडू उतेकर (सही)

साक्षीदार:
१. डॉ. अश्वजित तांबे, पशुवैद्य (सही)
२. सारिका मालुसरे, शिक्षिका (सही)

ठिकाण: पोलादपूर
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५