चिमणच्या पायाचं माप

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. चार वर्षांनी पत्र लिहितेय, अक्षर ओळखशील ना? गुडघा कसा आहे? भाओजींचा खोकला? मी ठणठणीत. आमच्या वाकड्या पायांच्या बुटांच्या कारखान्यात नवी संगणकप्रणाली येतेय, त्यामुळे जुन्या ऑर्डरींतल्या दुबार नोंदी शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अकरा हजार ऑर्डरी, तेवढेच पाय आणि त्यांचे बूट. एकाच पायाची ऑर्डर दोनदा दिसली की एक ठेवायची, एक काढायची. डोळ्यांचं पार भरीत झालंय.

सोमवारी यादीत आपला चिमण निघाला. दोनदा.

ताई, आधी एक सांगते. त्याचे बूट रखडले ते चामडं संपल्यामुळे, असं मी तुला म्हणाले होते. ते खोटं. भाच्याचं काम म्हणून मी घाईघाईत ऑर्डर दोनदा नोंदली आणि जास्तीची काढताना दोन्ही काढून टाकल्या. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर तापाने तो गेला. अनवाणीच गेला. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

काढलेल्या त्या दोन्ही नोंदी आता परत आल्यात. पहिलीत तेच माप, सहा वर्षांच्या पायाचं. दुसरीवर तारीख गेल्या महिन्यातली आणि पाय दहा वर्षांच्या मुलाचा. दोन्ही माझ्याच नावाने नोंदलेल्या. मी नोंदली नाही गं, शपथ.

दुसऱ्या नोंदीची फाईल उघडली. आपल्याकडे कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढतात, तसा नवा कागद होता. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, त्याचीच. आमच्या म्हाताऱ्या कारागिरांना दाखवला. त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोर टाच टेकून उभं राहिलंय. बूट कालच झाले."

आपला चिमण कधी टाच टेकू शकला होता का?

बूट माझ्या टेबलावर आहेत. उद्या यादी द्यायची आहे, एक नोंद काढावीच लागेल. माझा हात धजत नाही.

कागद तूच पाठवलास ना? अंदाजाने काढला असशील, आईला येतो तेवढा अंदाज. मी रागावणार नाही, मला तो हक्कही नाही. फक्त हो म्हण. नाही म्हणणार असलीस, तर पत्र पाठवू नकोस, तू स्वतःच ये. बूट घ्यायला कुणी आलं, तर मला एकटीला दार उघडवणार नाही.

या खेपेला एकही नोंद न काढलेली,
तुझी धाकटी