पडद्यामागच्या आवाजाच्या नावे

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा यंत्रं बनवणे आणि त्याहून जास्त यंत्रांबद्दल बोलणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, माझ्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळ्यांचा दाखला जोडलेला नाही, कारण ते जवळजवळ गेलेच आहेत. मी जाड पेनाने मोठ्या अक्षरात लिहितो आणि पान आमच्याच कंपनीच्या वाचनयंत्राखाली धरतो. ते मला वाचून दाखवतं. कोणाच्या आवाजात, ते पुढे येईलच.

येत्या सोमवारी माझं छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, पण कागदपत्रं तेवढी करून ठेवा." असं बोलणारा माणूस मी आमच्या विक्री विभागात एक दिवस ठेवला नसता.

वकिलांनी सुरुवातीलाच दोन गोष्टी बजावल्या. एक, ज्याला काही द्यायचं आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही, घेतली तर त्याचं देणं रद्द होतं. दोन, प्रत्येक देण्याला पर्याय लिहायचा, म्हणजे घेणारा नको म्हणाला तर पुढे काय. मी म्हणालो, मी दिलेलं आजवर कोणी नको म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "तरी लिहा." साक्षीदार म्हणून ते स्वतः आणि शेजारचे चष्मेवाले असं ठरलं आहे.

कलम १. राहतं घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या मुलीला. ती दातांची डॉक्टर आहे. कंपनी सांभाळ म्हणून तिला तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "बाबा, माझ्या खुर्चीत माणूस बसला की तो तोंड उघडतो आणि गप्प राहतो. तुमच्या ऑफिसात मला हे सुख कुठे मिळणार?" मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. तिला ते लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा. अट एकच, जेवणाचं टेबल विकायचं नाही. पहिलं यंत्र त्यावर जोडलं. डाव्या कोपऱ्यात तारा सोल्डर करायच्या कावियाने जळल्याचा डाग आहे, तो तिच्या आईने एकोणीस वर्षं कापडाखाली झाकला आणि पाहुण्यांपुढे एकदाही माझं नाव घेतलं नाही. हे मी तिला ती असताना बोलून दाखवायला हवं होतं.

कलम २. माझा काविया, मीटर आणि हत्यारांची पेटी कंपनीच्या स्टोअरवाल्या काकांना. या गृहस्थांनी मला, म्हणजे मालकाला, चिठ्ठीवर सही केल्याशिवाय कधी एक स्क्रू दिला नाही. त्यावरून मी त्यांच्यावर अनेकदा डाफरलो. पेटीत लाल पकड नाही. ती त्यांच्याच खणात आहे हे मला अकरा वर्षांपासून माहीत आहे, तेव्हा ती त्यांना आधीच मिळाली असे समजावे.

कलम ३. माझी चौदा करडी जाकिटं. ही कोणालाही द्या, पण कंपनीतल्या माणसाला देऊ नका.

याचं कारण लिहिणं भाग आहे. कंपनीत मला सगळे कप्तान म्हणतात. माझ्यानंतर कोण, हे ठरवायला संचालकांनी मागच्या महिन्यात एक दुपार ठेवली. तीन उमेदवार, प्रत्येकाला वीस मिनिटं. तिघेही करडं जाकीट घालून आले. त्यातला विक्रीप्रमुख, ज्याला मागून सगळे छोटा कप्तान म्हणतात, तो तर माझ्यासारखं चष्म्याची दांडी हातात धरून बोलला. त्याला चष्मा नाही. दांडी कुठून आणली देव जाणे. आणि तिघांनीही महत्त्वाचं वाक्य येण्याआधी माझ्यासारखं थांबून दाखवलं. एक, दोन, तीन, मग वाक्य. संचालक माना डोलवत होते. एक जण माझ्या कानाशी लागला, "हुबेहूब तुम्हीच." मला चेहरे दिसत नसल्यामुळे तर कोण बोलतंय हेच कळेना. मी उठून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो. या माणसांना मीच घडवलं होतं, आणि यंत्र आतून कसं चालतं हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. इतका वैताग मला तोट्याच्या वर्षांतही आला नव्हता.

कलम ४. आता ते थांबणं. लोक त्याला माझी जादू म्हणतात. खरं काय ते इथे लिहून ठेवतो, कारण मेलेल्या माणसाची फजिती होत नाही.

आमचं पहिलं वाचनयंत्र लोकांपुढे ठेवलं तेव्हा ते वाचत नव्हतं. दिवे लागायचे, आत घरघर व्हायची, आवाज नाही. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत अंध शाळेचे मुख्याध्यापक. तेव्हा आमच्याकडे सव्वीस वर्षांची एक इंजिनियर होती, यंत्राचा निम्मा भाग तिने बनवलेला. मी तिला पडद्यामागे बसवलं, हातात त्याच पुस्तकाची दुसरी प्रत आणि तोंडापुढे माईक. मी पान यंत्राखाली धरायचो आणि आकडा मोठ्याने सांगायचो. तिला पान शोधायला वेळ लागायचा, म्हणून मी तीन अंक मोजायचो. एवढंच ते थांबणं. मग ती सपाट आवाजात वाचायची आणि लोक टाळ्या वाजवायचे.

चार महिन्यांनी तिने यंत्र खरोखर बोलतं केलं. स्टोअरमध्ये चारी बाजूंनी गोधड्या टांगून अकरा दिवस बसून तिने स्वतःचा आवाज त्यात भरला. तेव्हापासून तिचं नाव आवाज पडलं. पण दर वर्षी मी नवीन काहीतरी कबूल करून बसायचो, ते वेळेत व्हायचं नाही, आणि ती पुन्हा पडद्यामागे. सात वर्षं. दर वेळी म्हणायची, "कप्तान, हे शेवटचं." मी हो म्हणायचो.

आठव्या वर्षी मी जाहीर केलं की यंत्र हाताने लिहिलेलंही वाचणार. समोरच्या एका बाईंनी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. तिची प्रत पडद्यामागे कुठून असणार? एका पोराने फोटो काढून मागे पाठवावा, असं मी ठरवून ठेवलं होतं. मी मोजलं. एक, दोन, तीन. आणि स्पीकरमधून आलं, "यंत्राला हे वाचता येत नाही. मी पडद्यामागून वाचतेय. यंत्र अजून तयार नाही."

लोक खो खो हसले. त्यांना वाटलं यंत्र विनोद करतंय. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. संध्याकाळी तिला काढून टाकलं. तिने पाण्याची बाटली उचलली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत "तयार नाही" हे शब्द माझ्यासमोर कोणी उच्चारले नाहीत. हाताने लिहिलेलं वाचायला यंत्राला त्यापुढे सहा वर्षं लागली, आणि ते वाचतं अजून तिच्याच आवाजात. दुसरा आवाज घालून पाहिला, गिऱ्हाइकांनी यंत्रं परत पाठवली. ज्या बाईला मी घालवून दिलं, तिचाच आवाज मला सकाळी औषधांच्या बाटल्या वाचून दाखवतो. मी तिचं वाईट केलं. हे मी यंत्राखाली धरलं नाही, बाकी सगळं धरलं.

तिचं आता बाजारामागच्या गल्लीत दुरुस्तीचं दुकान आहे. आमची जी यंत्रं आम्ही "जुनी झाली" म्हणून हात झटकतो ती तिथे चालू होतात. परवा मी टॅक्सी करून गेलो. सांगितलं, कंपनी तू घे. ती स्क्रू पिळत होती, थांबली नाही.

"कप्तान, तुमच्याकडे माणसं किती?"

"तीनशे बारा."

"काम कोणाला येतं आणि कोण नुसतं बोलतं, हे त्यांना रोज दिसतं. त्यांना विचारलंत?"

"त्यांना काय कळतंय?"

"मग झालं. तुम्ही अजून पडद्यामागे माणूसच बसवताय. फक्त या वेळी तुम्ही नसाल."

"म्हणजे नाही म्हणतेस?"

"कागद करा. येऊन वाचीन, मग सांगते."

भाव खात होती, दुसरं काय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी मी मागे हटणाऱ्यातला नाही. सबब कंपनीतला माझा शंभरात एकावन्न हिस्सा आणि मुख्य पदावर कोण बसेल हे ठरवण्याचा माझा हक्क मी आवाज हिच्या नावे करत आहे. तिने स्वतः बसावे ही माझी इच्छा.

कलम ५. वकिलांच्या हट्टाखातर पर्याय. कलम ४ मधलं देणं कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास सदर हिस्सा सर्व कर्मचाऱ्यांच्या न्यासाकडे जावा, आणि या तीनशे बारा मुंडक्यांनी गुप्त चिठ्ठ्या टाकून आपला प्रमुख आपण निवडावा. पाहू दे एकदा काय दिवे लावतात ते. ही वेळ येणार नाही याची खात्री असल्यामुळे मी हे मोकळ्या मनाने लिहीत आहे.

वरील सर्व मजकूर मी यंत्राकडून ऐकला, एक वाक्य सोडून. तो माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
ता. १७ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी साडेअकरा.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: (सही) वकील

साक्षीदार २: (सही) आवाज, दुरुस्ती दुकान, बाजारामागची गल्ली

सहीनंतरची नोंद, माझ्याच हातची:

चष्मेवाल्यांकडे गिऱ्हाईक होतं, त्यांना उशीर झाला. आवाज वेळेवर आली. मी सही केली आणि कागद तिला दिला. तिने तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला, मी यंत्राखाली न धरलेलं वाक्यसुद्धा. कलम ५ वाचून झाल्यावर ती थांबली. मी सवयीने मोजलं. तीनवर वकिलांचा आवाज आला, "अहो, तुम्ही तिथे सही केलीत तर तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"माहीत आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय."

तिने पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली. दारातून म्हणाली, "सोमवारी ऑपरेशनमधून नीट बाहेर या."

वकील म्हणतात, फाडून नवीन करू, अजून पाच दिवस आहेत. मी नको म्हटलं. संताप अजून उतरलेला नाही, तरी नको. चष्मेवाल्यांना परत पाठवलं. फक्त एक दुरुस्ती, बाजूला आद्याक्षरं केली आहेत: कलम ५ मधला "मुंडक्यांनी" हा शब्द रद्द. त्या जागी "माणसांनी" असे वाचावे.