येलहंक्याची विहीर, मुग्धाच्या स्वाधीन

मी, महानंदा शमुवेल चौगुले, वय बाहत्तर, निवृत्त शिवणशिक्षिका, मूळची निपाणीची, हल्ली राहणार येलहंका, बेंगळुरू, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. अक्षर हलले आहे ते आजाराने नव्हे, आनंदाने. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. माझ्या नावावर जे आहे ते देवाचे. मी त्याची कारभारीण. त्या नात्याने पुढील व्यवस्था करते.

घर आणि आवारातील विहीर माझी मुलगी मुग्धा हिला मिळावी. आधीच्या मृत्युपत्रात मी दोन्ही आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, दिली होती; बदलाचे कारण लिहून ठेवते. माझे पती शमुवेल यांनी १९८६ साली ही विहीर खणवली. पुढे घरोघरी बोअरवेल आल्या, विहीर आटली, गल्लीने तिच्यात कचरा टाकला. पती वारल्यावर धाकटे दीर अजित म्हणाले, "वहिनी, कोरडा खड्डा कशाला सांभाळता? बुजवा आणि भाड्याची खोली काढा." मुग्धाही म्हणाली, "आई, दोन गाड्या राहतील तिथं." मी म्हणाले, "पाणी आपण उपसून संपवलं, मग परत भरायचं कोणी?" दोघेही हसले. भाऊजींनी तर पाच वर्षे नाताळालासुद्धा उंबरठा ओलांडला नाही.

विहीर खणणारा गुंडू याने कचरा उपसला. माझ्या आणि शेजारच्या तीन घरांच्या छपरांवरचे पावसाचे पाणी नळ्यांनी विहिरीत सोडले. पाच उन्हाळे तळ कोरडाच राहिला. या महिन्यात टँकरही येईनासे झाले, तेव्हा मुग्धा शहरातल्या के. आर. पुरमच्या तिच्या घरून रिकामे कॅन घेऊन माझ्याकडे आली. मी पाटल्या मोडल्या आणि गुंडूला आणखी सहा फूट खाली जायला सांगितले.

परवा शनिवारी सकाळी खालून हाक आली, "अक्का, नीरु बंतु! पाणी आलं!" मुग्धा आधी रडली, मग हसत सुटली. पहिली बादली तिनेच ओढली आणि अनवाणी पळत समोरच्या शिवलीलाअक्कांकडे नेऊन दिली; त्यांच्या सुनेला बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. परत येऊन धापा टाकत म्हणाली, "आई, आता गेटला कुलूप लावू नकोस. लोक यायचे आहेत." या एका वाक्यावर मी घर तिला देत आहे. अट एकच: गल्लीतल्या कोणालाही पाणी भरू द्यावे, आणि ते कधी विकू नये.

काल उपासनेनंतर अजित भाऊजी दोन घागरी घेऊन रांगेच्या शेवटी मान खाली घालून उभे होते. मी म्हणाले, "भाऊजी, पुढं या."

"नको वहिनी, रांगेनंच घेतो."

त्यांच्या भावाचे मनगटी घड्याळ त्यांना द्यावे. त्यांच्यावरचा राग मी कोणाच्याही वाट्याला ठेवलेला नाही.

बँकेतील ठेवीचा दहावा हिस्सा मंडळीला, बाकी मुग्धाला. मोठी पातेलीही मंडळीलाच. घासून पालथी ठेवावीत, पोचे आणू नयेत. शिलाई यंत्र शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही बाईला द्यावे, जात-धर्म विचारू नये. दोर, कप्पी आणि पहार गुंडूला. त्याचीच साक्ष हवी होती, पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले.

मला साध्या पेटीत पुरावे. फुले आणू नयेत; त्या खर्चात कोणाच्या तरी छपराला नळी बसवावी.

मात्र हे सारे सवडीने करायचे आहे. आज सकाळी शेजारचे भीमाचार्य फाटकाशी आले आणि म्हणाले, "बाई, आमच्याही अंगणात एक जुनी विहीर आहे. बघता का जरा?" बुधवारी सकाळी सात वाजता गुंडूला घेऊन मी तिथे जाणार आहे.

स्थळ: येलहंका, बेंगळुरू
दिनांक: २२ एप्रिल २०२४

(सही) महानंदा शमुवेल चौगुले

आम्हां दोघांसमोर बाईंनी वाचून सही केली:
१. भीमाचार्य कट्टी
२. शिवलीला हिरेमठ