मावशीचा लाल आकडा

५ मार्च

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न.

तू म्हणशील, रोज संध्याकाळी खेळात एकमेकींच्या कानाशी असतो, मग हिला कागद कशाला लागला. पण मनाला टोचणारी गोष्ट तोंडाने सांगायची नाही, लिहून सांगायची, हा अप्पांचा दंडक. तुझे ते वडील. मला मात्र आजोबाही आणि शाळाही. आठ वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याच टेबलाशी शिकले, त्यामुळे त्यांचा दंडक अजून मोडवत नाही.

जहाजांच्या ऑनलाइन खेळात आपला पाच जणांचा संघ अंतिम लढतीला पोचला आणि सगळे माझी पाठ थोपटताहेत, की कुठल्या जहाजावर आधी तोफा लावायच्या हे हिला बरोबर कळतं. मला काही कळत नाही. महिन्यापूर्वी मी एक मॉड बसवलं, म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची एक पुरवणी. लढाई सुरू झाली की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा येतो, शंभरातल्या किती लढाया तो जिंकला त्याचा. चांगला असेल तर हिरवा, बेताचा असेल तर पिवळा, कच्चा असेल तर लाल. मी लाल बघते आणि तुम्हाला तिकडे पाठवते. एवढीच माझी अक्कल.

नियमांत याला बंदी नाही. पण अप्पा बुद्धिबळाला बसवायचे तेव्हा दोघांनीही आपापली कच्ची बाजू आधी बोलून दाखवायची. माझं घोड्याकडे लक्ष राहत नाही, असं मी सांगायचे, आणि मगच पहिलं प्यादं हलायचं. इथे समोरच्यांनी मला काहीच सांगितलेलं नाही, मीच त्यांच्या खिशात डोकावले. दिवसभर मी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडते, पारडं केसभर झुकलं तरी शिक्का मारत नाही. आणि संध्याकाळी हे असं. संघातून बाहेर पडू का, तेवढं सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी भाची

९ मार्च

चि. काटेबाईस,
अ. उ. आ.

पत्र आमच्या चष्म्याच्या दुकानातच वाचलं. मधेच हसू फुटलं, तर मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. लहानपणी साखरेचा डबा उघडायच्या आधी तू सगळ्या घराला सांगून यायचीस, त्यात काडीचा फरक नाही.

ते आकडे चोरीचे नाहीत. खेळवाल्यांच्या पानावर ते कुणालाही बघता येतात, मॉड फक्त ऐन वेळी नाकासमोर आणून ठेवतं. माझ्याकडे गिऱ्हाईकाची चिठ्ठी येते तेव्हा तिच्यावर डोळ्यांचा नंबर लिहिलेलाच असतो. तो वाचून मी लबाड ठरत नाही. पण नंबर वाचला म्हणजे माणूस कळला, असं समजले तर मूर्ख नक्की ठरते. आता, एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही तिथे पारडं झुकतं, हे तुझं खरं आहे. त्यावर उपाय पळून जाणं नव्हे, सांगून टाकणं.

एक विचारते. एवढ्या सगळ्यांचे आकडे पाहिलेस, तेव्हा माझाही दिसला असेल. पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. दुपारचं जेवण टाळत जाऊ नकोस.

तुला ओळखून असलेली,
मावशी

१३ मार्च

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न.

पाहिला. लाल आहे. त्रेचाळीस.

आधी वाटलं, मॉडच बिघडलं. जिच्याकडून मी जहाज वळवायला शिकले, तिचा आकडा लाल कसा असेल. मग जुन्या लढायांच्या नोंदी उघडून सुट्टीची अख्खी दुपार बसले. अकरा हजार लढाया, त्यांतल्या निम्म्याहून जास्त नवशिक्यांना सोबत घेऊन केलेल्या. दर वेळी सगळ्यांत जास्त गोळे तुझ्या जहाजाने झेललेले आणि तेवढ्यात ती नवी मंडळी मागच्या मागे सुटलेली. याला कुठे रकानाच नाही. वजनकाट्याने कापड मोजावं तसा तो आकडा आहे. मला तुझा इतका अभिमान वाटला आणि लगेच लाजही वाटली, कारण त्यासाठी मला नोंदी उघडाव्या लागल्या.

आता वाईट बातमी. सांगून टाकणं हा उपाय, असं तू लिहिलंस, म्हणून मी संघातल्या उरलेल्या तिघांना मॉडबद्दल सांगितलं. शिंपीदादांनी ऐकलं आणि त्याच दिवशी स्वतः बसवून घेतलं. आता ते म्हणतात, मावशींबद्दल आदर आहे, पण अंतिम लढतीला त्रेचाळीस घेऊन कसं उतरायचं. त्यांच्या ओळखीचा एक हिरवा आकडेवाला आहे, त्याला घेऊ. दोघी नर्सताई गप्प आहेत, म्हणजे मला वाटतं अर्ध्या तयारच आहेत. माझ्या पायी तुझी जागा चालली आहे.

आणखी एक. गेल्या आठ महिन्यांत तुझा आकडा घसरला आहे, आणि या महिन्यांत तू नवशिक्यांबरोबर नव्हतीस, आमच्याबरोबर होतीस. उजवीकडे वळायला तुला दर वेळी उशीर होतो. तुला काय झालंय ते लिहिशील का? मला जेवण जात नाही, हे लपवत नाही.

अपराधी,
तुझी भाची

१७ मार्च

चि. काटेबाईस,
अ. उ. आ.

तुझ्या मॉडने माझी चोरी पकडली. तीस वर्षं काचांच्या कडा घासून उजव्या अंगठ्याचा सांधा आखडला आहे. उजवीकडे वळायची कळ नेमकी त्याच्याच खाली येते. दुकानात सांगितलं नाही, कारण यंत्रापुढची खुर्ची सोडवत नव्हती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांत मी पूर्वीसारखीच दिसावी ही हौस. अप्पांची मुलगी असून मी कच्ची बाजू लपवली, आणि तू बिचारी मला पत्र लिहून कबुलीजबाब देतेस.

काल मालकांना सांगितलं. ते म्हणाले, दोन महिने ठाऊक आहे, तुमच्या काही काचा मीच गुपचूप पुन्हा घासतो. आता मी पुढे बसून चष्मे बेतून देते. तिथेही उजेड चांगला आहे.

संघालाही लिहून कळवलं आहे, की मी उजवीकडे उशिरा वळते, हिरवा घ्यायचा तर खुशाल घ्या, मी रुसणार नाही. दादांना बोल लावू नकोस. जिंकावंसं वाटणं हा गुन्हा नाही. आणि मला घेतलंच, तर समोरच्यांनाही सगळं सांगून टाक, माझ्या अंगठ्यासकट.

आज हलकं वाटत असलेली,
मावशी

२४ मार्च

तीर्थरूप मावशीस,
शि. सा. न.

लढतीत तू होतीसच, पण तुझ्या जागेवरून जे दिसलं नाही ते सांगते.

तुझं लिहिणं दादांनी दोनदा वाचलं, आणि म्हणाले की कापड फाटलंय हे आधीच सांगणारं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नाही, अशा बाईला बदलायचं नसतं. त्यावर नर्सताई हळूच म्हणाल्या, मावशींना काढलं असतं तर त्या दोघीही निघणार होत्या. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी साफ चुकीचा लावला होता.

लढतीआधी समोरच्यांना मी लिहिलं, की आम्हाला तुमचे आकडे दिसतात, हे आमचे, आणि आमच्या मावशी उजवीकडे उशिरा वळतात. त्यांच्या कप्तानाचं उत्तर आलं, की मॉड त्यांच्याकडेही वर्षभर आहे, पण असं बोलून दाखवणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. मग त्यानेही कळवलं, की त्यांच्यातल्या दोघांना धीर धरवत नाही.

आणि मग ते सगळे तुझ्यावरच आले, अर्थातच उजवीकडून. लाल आकडा, वर सांगितलेली कच्ची बाजू, आणखी काय हवं. तू मात्र एक खडकाळ बेट उजव्या हाताला घेऊन बसली होतीस. त्यांची पाचही जहाजं किती तरी वेळ त्या खडकावर गोळे वाया घालवत राहिली आणि आम्ही मागून पोचलो.  जिंकल्यावर दादा एवढंच म्हणाले, की बेटाचा रकाना मॉडमध्ये नाही.

मी नंतर तुझा आकडा तीनदा पाहिला. अजून त्रेचाळीसच आहे. अकरा हजारांत एका लढाईने काय होणार. काटा हलला नाही, याचं मला पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

उद्या संध्याकाळी नव्याने खेळायला बसू, तेव्हा प्रथेप्रमाणे माझी कच्ची बाजू आधीच सांगून ठेवते: आकडा दिसला, की माणसाकडे बघायचं राहून जातं.

अंगठ्याला शेक देत जा, आणि लोभ आहेच तो असाच टोचून टोचून वाढव.

तुझी,
काटेबाई