हळदीचं पाणी, दोन सिरिंज

गुरुवार, दुपार

बाबा, तुम्ही गेल्यापासून बारा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. डायरी रोज लिहिते, तीत तुम्ही येताही. पण तुमच्याविषयी लिहिणं वेगळं आणि तुम्हाला लिहिणं वेगळं. आज एक गोष्ट विचारायची आहे म्हणून बसले. त्या दोन सिरिंजमध्ये तुम्ही हळदीचं पाणी कशाला भरलं होतं?

लकव्यानं तुमचा उजवा हात गेला, त्या वर्षीची गोष्ट. लोणारचा आपला फोटो स्टुडिओ तेव्हा नुकता माझ्याकडे आला होता. मी दुपारी जेवायला घरी येते, तर तुम्ही ओट्याजवळ खुर्चीत बसलेले. समोर रेडिओ. सलाइनच्या नळीनं दोन सिरिंज जोडलेल्या; एक रेडिओच्या बटणावर रबरानं बांधलेली, दुसरी तुमच्या हनुवटीखाली. डाव्या हातात चहाचा डबा, छातीशी धरलेला. तुम्ही हनुवटी दाबता, नळीतलं पिवळं पाणी सरकतं, तिकडची दांडी बाहेर येते आणि बातम्या सुरू होतात. पुन्हा दाबता, बातम्या बंद. मला वाटलं, डोक्यावरही परिणाम झाला. मी ओरडले, "काय पोरखेळ लावलाय बाबा? शर्ट सगळा पिवळा केला." तुम्ही अर्ध्या ओठानं हसलात. "बटन तं दाबल्या जाऊन राह्यलं ना?" आणि मग रोजचाच प्रश्न : "कॅमेरा आला काय वं जालन्याहून दुरुस्त होऊन?" मी म्हटलं, "नाही आला अजून."

हे सगळं मी विसरले होते. मागच्या आठवड्यात दुसरबीडहून एक बाई आल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या. अपघातानंतर त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडून असतात, मान मात्र चांगली हलते. भाऊ त्यांची चाकाची खुर्ची ढकलत होता. बहिणीचं लग्न या रविवारी विहारात आहे आणि बाईंना त्या लग्नाचे फोटो स्वतः काढायचे आहेत. मी म्हटलं, मोबाइल चालणार नाही का?

"मोबाइल धरील कोन? हा धरते. अन् हरेक फोटोत मानसायची डोकी कापते."

"आभाय चांगलं होतं त्या दिवशी," भाऊ म्हणाला.

"लग्नात आभायाले हार घालतीन काय बे?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अपघातापासून सारे माह्याच फोटो काढतात, मॅडम. इकडे पाह्य, हास. मले आता दुसऱ्याईले हास म्हनायचं हाये."

मी कॅमेऱ्याचा स्टँड खुर्चीच्या दांडीला पट्टीनं कसून बांधला. त्यांच्या कॅमेऱ्याला रिमोट मिळतो, पण त्याचं बटण इतकं बारीक की हनुवटीखाली सापडेना. टायमर लावला तर दहा सेकंदांत नवरी निघून जायची. दोन दिवस मी याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी चहा करायला डबा उचलला आणि हातात जाणवलं की हा भरलेला डबा आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्याच वजनाचा आहे. मी गॅस बंद करून खाली बसले. तुम्ही खेळत नव्हता. डाव्या हातानं कॅमेरा पेलायचा आणि हनुवटीनं बटण दाबायचं, याचा सराव करत होता. रेडिओवर, कारण कॅमेरा तुमच्याजवळ नव्हता.

काल बाईंना बोलावून त्यांच्या कॅमेऱ्याला तशाच दोन सिरिंज बसवल्या. पाणी साधंच भरलं. भावाला पडद्यापुढे उभं केलं, सवयीनं त्याची हनुवटी जरा खाली घेतली, चौकट जुळवली, स्टँडची खीळ घट्ट पिळली आणि म्हटलं, "आता दाबा." फोटो उत्तम आला. बाईंनी तो पाहिला आणि नाही अशी मान हलवली.

"काय झालं?"

"हा तुमचा फोटो हाये, मॅडम. मी निस्तं बटन दाबलं. ते खीळ ढिली करा. मी गालानं फिरवतो त्याले."

"आणि पडला तर?"

"तं पडन. माह्या पगारातून घेतेला हाये."

पडला तर. बाबा, तुमचा कॅमेरा मी याच दोन शब्दांवर ठेवून घेतला होता. पण तेही पुरतं खरं नसावं. गिऱ्हाइकांसमोर तुमचा हात थरथरलेला मला बघवला नसता, हे जास्त खरं असेल. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, याचा निकाल मला अजून लागत नाही.

खीळ ढिली केली. बाईंनी स्टँडची दांडी गालानं ढकलली. कॅमेरा डुलला, भावावरून सरकून माझ्याकडे आला. त्यांनी हनुवटी दाबली, पण फोटो क्षणभर उशिरा निघाला. त्या फोटोत भावाचा एक कान आहे, तिरका पडदा आहे आणि दोन्ही हात पुढे करून कॅमेरा झेलायला धावलेली मी आहे. बाई खूप हसल्या. "हा माहा," म्हणाल्या. मोठा करून मागितलाय.

उशीर का झाला, ते आज सकाळी नळी उजेडात धरली तेव्हा कळलं. आत हवेचा बुडबुडा होता. हनुवटीचा जोर त्यालाच दाबण्यात जात होता. साध्या पाण्यात तो दिसला नाही. पिवळ्यात दिसला असता, हे आत्ता लिहिताना सुचलं. म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि मी तुमच्यावर शर्टासाठी ओरडले होते.

हे पान डायरीतच राहील. पण लिहायला बसलेच आहे, तर एवढं लिहिते : कॅमेरा जालन्याला कधी गेलाच नव्हता. तुम्ही बसायचात त्या खुर्चीमागच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, माझ्या कॉलेजच्या पुस्तकांमागे होता.

उद्या : मेडिकलमधून दोन नव्या सिरिंज, सुई नको. पाण्यात चिमूटभर हळद.