अंगठ्यापुरती आजी

४ जून
आजपासून मी नोकरदार बाई! अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलते नि नात लिहिते; नोकरी माझी, हस्ताक्षर तिचं. काम व्यसनमुक्ती केंद्रात. उपचाराला निघालेली माणसं दारापर्यंत येतात आणि तिथूनच पाय मागे घेतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाराजवळच्या बाकावर बसा, गप्पा मारा, त्यांना आत आणा. गप्पा मारायची नोकरी! एवढं आयुष्य फुकट मारल्या.

७ जून
एक ड्रायव्हर आला, लटलट कापत. मी विचारलं, दारू सोडायला आलास की नाचायला? हसला नि गेला आत. इथला नियम असा, की घरचं माणूस सोबत नसेल तर खाट मिळत नाही. ज्याला कुणीच नाही, त्याच्या कागदावर मी अंगठा देते, नात्याच्या रकान्यात, आजी. डॉक्टरीणबाई काणाडोळा करतात. सख्खी नात हे लिहिताना नाक मुरडतेय.

१२ जून
आज पावडर विकणारा आला. स्वतःच्याच मालाच्या नादी लागलेला. केस चापूनचोपून, बोलणं असं की मधाने चूळ भरली असावी. मी नाव ठेवलं, गोडबोल्या. घरी कुणी उरलं नाही म्हणाला, आणि पहिल्या वाक्यापासून मला आजी, आजी. दिला अंगठा.

१५ जून
झाडूवालीने कानात सांगितलं. गोडबोल्याच्या पावडरीने एका बाईचा एकुलता एक मुलगा गेला. ती त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, तुझी माणसं नेईन, धाकट्यापासून वर. तुला सगळ्यात शेवटी. त्याच संध्याकाळी तिने जीव दिला. मग त्याचा भाऊ गेला, मग बायको, मग आई. तिघांच्याही तोंडात पांढरी पावडर ठासून भरलेली. झाडूवालीची बोबडी वळली होती. मी म्हटलं, शाबास गं बाई! उट्टं काढावं तर असं.

१८ जून
भर दुपारी बाकावर एक बाई येऊन टेकली. ओठ पांढरे, चुन्यात बुडवल्यासारखे. मी विचारलं, कुणाला घेऊन आलीस? तिने गोडबोल्याच्या खिडकीकडे बोट केलं आणि विचारलं, तू त्याची कोण? सवयीने बोलून गेले — आजी.
ती हसली. उठली तिथे पांढरी भुकटी. पुसली. भुकटी पुन्हा उमटली.

२० जून
गोडबोल्याला जाब विचारला. लपवलंही नाही मेल्याने. म्हणाला, माझीच पाळी उरली होती हो. आता तुम्ही आहात ना, आजी. पोटभर जेवतो, घोरतो, गालांवर तजेला आलाय. ह्याला मी आत आणलं. मी.

२१ जून
तवा तापवला. अंगठा टेकवला. कातडी गेली. नात रडत पट्टी बांधत होती. मी म्हटलं, आता फक्त तुझी आजी, बाई. पण केंद्रात शिरले तर खिडकीतून त्याची तीच हाक — आजी —

२२ जून
बाकाशी गेले. तिला म्हटलं, ने मला. म्हातारीचं काय राहिलंय? पण मग त्याला सोडू नकोस. सावकाश ने. ओरडू दे.
तिने मान हलवली. नाही. म्हणाली, तुला नाही —

२३ जून
नात सकाळपासून बोलत नाही. खाली मान घालून नुसती लिहितेय.
मला का नाही म्हणाली?
धाकट्यापासून वर — अगं, ह्या घरात धाकटी मी कुठे —
पोरी, पेन ठेव. इकडे बघ. तोंड उघड. उघड म्हणते ना — हे पांढरं —